बॉनेट उघडता आलं पाहिजे!

चार गाडीवेडी मुलं एकत्र बसली आणि विषय अमेरिकन गाड्यांचा निघाला, की पुढचा अर्धा तास काय होणार हे डोळे मिटून सांगता येतं. एक जण शेवरलेच्या 'एलएस'ची आरती सुरू करतो. दुसरा विचारतो, मस्टँगचं 'फाइव्ह पॉइंट ओ' ऐकलंयस का कधी? तिसरा वादच घालत नाही. फक्त 'हेमी' म्हणतो आणि निकाल लागल्यासारखा मागे टेकून बसतो. चौथा मोबाइल काढून आकडे वाचायला लागतो. हेलकॅट, 707 हॉर्सपॉवर. डीमन 170, 1025 हॉर्सपॉवर. बास, विषय कट!

गंमत अशी, की चौघांपैकी एकानेही यातलं एकही इंजिन चालवलेलं नसतं. 'फास्ट अँड फ्युरिअस'मधली डॉमची काळी चार्जर, 'नीड फॉर स्पीड'च्या रात्री जागून खेळलेल्या रेसेस आणि हेडफोन लावून ऐकलेले सायलेन्सरचे आवाज, एवढ्यावर आपलं शिक्षण झालेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण या वादात एक गडबड आहे. आपण सगळे हॉर्सपॉवरवरून भांडतो. अमेरिकेतले जुने गाडीवेडे ज्या इंजिनांवर खरोखर जीव टाकतात, त्यांची यादी काढून बघा. त्यातली बरीचशी इंजिनं ताकदीच्या शर्यतीत कधी पहिली नव्हतीच. काही तर आजच्या हिशोबाने चक्क मरतुकडी होती. मग ती इतकी लाडकी का झाली?

माझं मत सांगतो. ती लाडकी झाली, कारण ती स्वस्त होती, ढिगाने मिळत होती आणि अठरा वर्षांच्या पोरालाही घराच्या मागच्या शेडमध्ये खोलता येत होती. इंजिन कंपनीने बनवलं, पण त्याला मोठं केलं ते ज्यांनी पाने-पकडी घेऊन ते उघडलं त्यांनी. आणि तुम्ही म्हणाल हा इतिहास झाला, तर नाही. विकत घेतलेलं यंत्र उघडायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हा प्रश्न आज तुमच्या-माझ्या प्रत्येक गाडीपर्यंत आलेला आहे.

फोर्डचं तापट व्ही-एट

सुरुवात 1932 पासून करू. तोवर आठ सिलिंडरचं इंजिन म्हणजे श्रीमंतांचा थाट होता. कॅडिलॅककडे व्ही-एट 1914 पासूनच होतं, पण ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. शेवरलेने स्वस्तात सहा सिलिंडरची गाडी आणून फोर्डला घाम फोडला होता. हेन्री फोर्डने उत्तर दिलं ते थेट आठ सिलिंडरचं. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, आणि सगळा ब्लॉक एकाच ओतकामात. हे ओतकाम जमवताना कारखान्यात ढीगभर ब्लॉक वाया गेले म्हणतात. पण जमलं, आणि व्ही-एटवाली सगळ्यांत साधी फोर्ड पाचशे डॉलरच्या आत मिळू लागली.

ताकद किती? 3.6 लिटरच्या इंजिनातून 65 हॉर्सपॉवर. आज आपल्याकडची साधी हॅचबॅक यापेक्षा जास्त देते. त्यात हे इंजिन तापायचं. याला 'फ्लॅटहेड' म्हणतात, कारण व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नसून बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. जळालेला गरम वायू बाहेर जायची वाट मात्र ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या शेजारून जायची. पाणी थंड ठेवायचं की धूर बाहेर काढायचा, या भांडणात रेडिएटर उकळायचा.

म्हणजे कमी ताकद आणि वर डोकं गरम. तरीही कॅलिफोर्नियातली पोरं याच इंजिनाच्या मागे लागली. कारण जुन्या बाजारात फोर्ड पडीक भावात मिळायची. पोरं तिचे मडगार्ड काढून टाकायची, वजन उतरवायची, हेड खोलून घासायची, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन बसवायची आणि म्यूरॉकसारख्या वाळलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर नेऊन पळवायची. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या तरुणांनी याचं वेडच करून टाकलं. हे इंजिन दुरुस्त करता-करता, सुधारता-सुधारता सुट्या भागांचा एक अख्खा धंदा उभा राहिला. लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवणारा विक एडेलब्रॉक फ्लॅटहेडसाठी इनटेक मॅनिफोल्ड बनवायला लागला, आणि त्याचं आडनाव आजही इंजिनांवर कोरलेलं दिसतं. 1948 मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं, 1951 मध्ये ड्रॅग रेसिंगची राष्ट्रीय संघटना झाली.

म्हणजे बघा, ज्या इंजिनात सुधारायला भरपूर वाव होता, त्याभोवती लोक जमले. त्यात दोष नसते, तर पोरांना हात काळे करायची गरजच पडली नसती.

शेवरलेच्या साहेबांना एक पत्र

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. झोरा आर्कस-डुंटोव्ह. ब्रसेल्समध्ये जन्मलेला, रशियन आई-बापांचा मुलगा, युद्धात फ्रान्समधून निसटून अमेरिकेत पोहोचलेला इंजिनिअर. तिथे भावाबरोबर त्याने फ्लॅटहेड फोर्डसाठी 'आर्डुन' नावाची नवी हेडं बनवली. व्हॉल्व्ह वर नेले आणि इंजिनाचा श्वास मोकळा केला. पुढे 1953 मध्ये तो जनरल मोटर्समध्ये शेवरलेकडे नोकरीला लागला. त्याच डिसेंबरात या नव्या माणसाने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. विषय : तरुण, हॉट रॉडवाले आणि शेवरले.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ही पोरं जी मासिकं वाचतात ती फोर्डने भरलेली असतात. ती फोर्डवर शिकतात, फोर्डवर वाढतात आणि पैसे हातात आले की नवी गाडीही फोर्डच घेतात. आपण नुसतं चांगलं इंजिन देऊन भागणार नाही. त्याला लागणारे जोरकस कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, पिस्टन आपणच बनवून कुणालाही विकत घेता येतील असे बाजारात ठेवले पाहिजेत.

विचार करा, एका बलाढ्य कंपनीत नवा लागलेला माणूस सांगतोय की आपलं इंजिन लोकांना खोलू द्या, नव्हे, त्यांना खोलायला मदत करा! आणि कंपनीने ऐकलं.

1955 मध्ये शेवरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट आलं. एड कोल या मुख्य इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेलं, 265 घनइंच म्हणजे साधारण 4.3 लिटरचं. आठ सिलिंडर असूनही ते शेवरलेच्या आधीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा हलकं होतं. साध्या रूपात 162 हॉर्सपॉवर. दोन्ही बाजूंची हेडं सारखीच, डावीकडचं उजवीकडे बसतं. वर्षं गेली, इंजिन 283 घनइंचांचं झालं, 327 चं झालं, 350 चं झालं, पण मूळ मांडणी तीच राहिली. त्यामुळे पिकअप ट्रकमधलं हेड काढून कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर चढवायचे उद्योग सर्रास चालायचे. 1957 मध्ये तर फ्युएल इंजेक्शन लावून 283 घनइंचांतून 283 हॉर्सपॉवर काढल्याची जाहिरात झाली. दर घनइंचाला एक घोडा! बंद पडायच्या बेतात असलेल्या कॉर्व्हेटला याच इंजिनाने जीवदान दिलं.

जनरल मोटर्सने 2011 मध्ये दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवल्याचं जाहीर केलं. यात नंतरच्या पिढ्याही धरल्यात. दहा कोटी! ही इंजिनं शाळेच्या बसमध्ये होती, टेम्पोत होती, बोटींत होती, पोलिसांच्या गाड्यांत होती. म्हणजेच ती प्रत्येक गावच्या भंगारात होती. आणि भंगारात जे मुबलक मिळतं, त्यावरच नवशिके शिकतात. आपल्याकडे किती मेकॅनिकांचा हात स्प्लेंडरच्या इंजिनावर बसला असेल, आठवून बघा.

मग हेमीचं काय?

हेमीवाला मित्र आता भुवया उंचावून बसला असेल. बरोबर आहे, हेमी माझ्या सिद्धांतात सहज बसत नाही. क्रायस्लरचं 426 हेमी, म्हणजे तब्बल सात लिटरचं धूड, रेस जिंकण्यासाठीच जन्माला आलं. त्याची सिलिंडरवरची पोकळी अर्धगोलासारखी. त्यामुळे मोठे व्हॉल्व्ह समोरासमोर बसतात आणि हवा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून सरळ बाहेर पडते. फेब्रुवारी 1964 मध्ये डेटोना 500 या शर्यतीत पहिले तीन नंबर हेमी लावलेल्या प्लिमथनी पटकावले, पहिला रिचर्ड पेटी. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम असे बदलले की हेमी बाहेर, आणि पेटी चिडून ड्रॅग रेसिंगकडे वळला. मग क्रायस्लरने 1966 पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली. 1971 मध्ये हा प्रकार थांबला. जाहीर ताकद 425 हॉर्सपॉवर, टोपणनाव 'एलिफंट'.

हे इंजिन महाग होतं, जड होतं आणि फारच थोड्यांच्या नशिबात होतं. आज त्यातल्या दुर्मीळ गाड्या लिलावात लाखो डॉलरला जातात आणि काचेआड राहतात. त्यांच्याबद्दल आदर वाटतो, देवळातल्या मूर्तीबद्दल वाटतो तसा. पण हेमीचं नाव जिवंत राहिलं ते लिलावामुळे नाही. ड्रॅग रेसवाल्यांनी ते खोललं, फोडलं, पुन्हा बांधलं. 'टॉप फ्युएल' या सगळ्यांत वेगवान वर्गातली इंजिनं आजही त्याच मांडणीची वंशज आहेत. आणि 2003 मध्ये क्रायस्लरने हेमी हे नाव 5.7 लिटरच्या नव्या इंजिनाला देऊन डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये घातलं, तेव्हा कुठे साध्या माणसाच्या अंगणात हेमी उभी राहिली. म्हणजे मित्राचं बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे.

आवाज नाही, पण जीव आहे

लाडक्या इंजिनांच्या यादीत आणखी दोन नावं हमखास असतात, ज्यांच्यावर कुणी रील बनवत नाही.

पहिलं क्रायस्लरचंच 'स्लँट सिक्स', 1960 चं. बॉनेट खाली ठेवता यावं म्हणून सहा सिलिंडरची सरळ रांग 30 अंशांत तिरकी झोपवलेली. वेग बेताचा, पण मरत नाही म्हणून ख्याती. तेल बदलायला विसरलात तरी चालतं, असं लोक त्याच्याबद्दल मायेने सांगतात. (तुम्ही विसरू नका.)

दुसरं जीपचं 4.0 लिटरचं, सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं. 1987 च्या मॉडेलपासून 2006 पर्यंत चेरोकी आणि रँग्लरमध्ये होतं. 173 हॉर्सपॉवरपासून सुरू होऊन 190 पर्यंत पोहोचलेलं. आवाज असा, की कुणी मान वळवून बघणार नाही. पण दोन लाख मैल चाललेली चेरोकी घेऊन जंगलात शिरणाऱ्याला त्याच्यावर विश्वास आहे. बिघडलं तर कुठेही, कुणाकडूनही, साध्या पान्यांनी दुरुस्त होतं हा विश्वास.

जीपचं नाव निघालं की आपला संबंध आलाच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं 'गो-डेव्हिल' हे चार सिलिंडरचं, 60 हॉर्सपॉवरचं इंजिन. विलीजचा इंजिनिअर बार्नी रूसने कंपनीचं जुनं 48 हॉर्सपॉवरचं इंजिन एकेक भाग सुधारत तिथवर आणलं होतं. महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि हा वंश आपल्याकडे रुजला. त्याही आधी, 1928 पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत होती, आणि वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी 1940 च्या दशकात कुर्ल्याला डॉज-प्लिमथ बनवू लागली. घरात कुणी आजोबा-पणजोबा त्या काळी फिटर असतील, तर अमेरिकन इंजिन त्यांनी पडद्यावर नव्हे, हाताने ओळखलेलं असेल. तेव्हा आपण समजतो तितके या गोष्टीत परके नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा

इथे एक जण म्हणेल, हे सगळं कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. गाडीत कॉम्प्युटर घुसला आणि खेळ संपला. हे अनेकदा ऐकू येतं आणि ते चूक आहे. मला ही बाब सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

1970 मध्ये अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला, 1973 मध्ये तेलसंकट आलं. इंजिनांची ताकद धडाधड उतरली. 1975 च्या कॉर्व्हेटमध्ये 5.7 लिटरचं व्ही-एट असूनही साध्या मॉडेलला 165 हॉर्सपॉवर मिळत होते. मोजायची पद्धत बदलली होती हे धरूनही ही घसरण मोठी होती. सगळ्यांना वाटलं, संपलं.

मग आली फोर्डची मस्टँग 5.0. (इंजिन खरं म्हणजे 4942 सीसीचं. फोर्डने गोळाबेरीज करून पाच केलं आणि तो आकडा अमर झाला.) 1986 पासून त्यात कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन, 1987 मध्ये 225 हॉर्सपॉवर, गाडी हलकी आणि खिशाला परवडणारी. सुरुवातीचा कॉम्प्युटर आत किती हवा येतेय हे दाब आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून अंदाजाने ठरवायचा. तुम्ही कॅमशाफ्ट बदललात की त्याचा अंदाज चुकायचा आणि गाडी गचके खायची. पण 1989 पासून सगळ्या 5.0 मस्टँगना आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर आला. आता तुम्ही हेड बदला, कॅम बदला, हवा जास्त आली की कॉम्प्युटर आपणहून त्या मानाने पेट्रोल वाढवणार. ज्याला शत्रू समजलं होतं, तो मदतनीस निघाला. पोरं पुन्हा बॉनेटखाली शिरली.

असंच 1996 मध्ये झालं. प्रदूषण तपासता यावं म्हणून अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीत एकाच नमुन्याचं निदान-सॉकेट सक्तीचं झालं. त्यालाच आपण ओबीडी-टू म्हणतो. आज आपल्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक स्टीअरिंगखाली वायर खोचून स्कॅनरवर कोड वाचतो ना, त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे धूर कमी करायच्या कायद्याने घरच्या मेकॅनिकच्या हाती नवा पाना दिला.

आणि 1997 मध्ये आलं एलएस. कॉर्व्हेटमध्ये 5.7 लिटर, 345 हॉर्सपॉवर, सगळा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. युरोप-जपानवाले एकेका सिलिंडरवर चार-चार व्हॉल्व्ह आणि वर दोन-दोन कॅमशाफ्ट लावत असताना याने जुनीच पुशरॉडची रचना ठेवली. मागासलेलं म्हणून हसले लोक. पण त्यामुळेच ते आकाराने आटोपशीर राहिलं आणि कुठल्याही गाडीच्या पोटात मावू लागलं. शिवाय त्याचे लोखंडी ब्लॉकचे भाऊ 1999 पासून पिकअप ट्रकमध्ये लाखोंनी लागले. म्हणजे पुन्हा तेच : भंगारात मुबलक. ट्रकमधून काढलेलं इंजिन माझदा मियाटात, निस्सानमध्ये, बीएमडब्ल्यूत बसवणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. 1955 च्या स्मॉल ब्लॉकमध्ये दोन शेजारी सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर 4.4 इंच होतं. एलएसमध्येही तेच. 2020 च्या कॉर्व्हेटमध्येही तेच.

आता कुलूप कुठे लागलंय

त्याच 2020 च्या कॉर्व्हेटची दुसरी बाजू बघा. धातू तोच, माप तेच, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरला असं एन्क्रिप्शन, की आधीच्या कॉर्व्हेटवर सहज काम करणारे ट्यूनर हात टेकून बसले. लोखंड मोकळं, सॉफ्टवेअरला टाळं.

कंपन्यांच्या बाजूला काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. 2015 मध्ये दोन संशोधकांनी रस्त्यावर चाललेल्या जीप चेरोकीचा ताबा घरबसल्या इंटरनेटवरून घेऊन दाखवला, आणि कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर 2018 पासून या कंपनीच्या गाड्यांत सुरक्षा-दरवाजा बसला. तो परवानगी नसलेल्या स्कॅनरला आत खोल जाऊ देत नाही. चोरासाठी कुलूप हवंच. प्रश्न आहे तो किल्ली कुणाकडे असावी याचा. ज्याने गाडीचे पैसे मोजले त्याच्याकडे, की फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे?

अमेरिकेत यावर लोक भांडले. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये थेट मतदान घेऊन दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. 2015 मध्ये कॉपीराइटच्या नियमांत सूट मिळाली, की स्वतःच्या गाडीचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडणं हा गुन्हा नाही. जरा विचार करा, ही सूट मागावी लागली! आजोबांनी फ्लॅटहेडचं हेड खोलताना कुणाची परवानगी घेतली नव्हती.

आणि धुराचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो अगदी रास्त आहे. सात लिटरच्या इंजिनांचे गोडवे गायचे आणि दिल्ली-मुंबईच्या हवेवर गप्प बसायचं, हे चालणार नाही. इंजिन खोलायचा हक्क म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकायचा हक्क नव्हे. सायलेन्सर कापून रात्री बारा वाजता गल्लीत बार उडवणाऱ्यांशी मला तर काडीचं देणंघेणं नाही.

पण दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि त्याचा नमुना कॅलिफोर्नियातच आहे. तिथले प्रदूषणाचे नियम अमेरिकेत सगळ्यांत कडक. तरीही तिथे मस्टँगला सुपरचार्जर लावता येतो. अट एकच : तो भाग बनवणाऱ्याने चाचणी देऊन सिद्ध करायचं की धूर वाढत नाही. सिद्ध झालं की त्या भागाला सरकारी मंजुरीचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक बॉनेटखाली चिकटवून तुम्ही निर्धास्त फिरू शकता.

आपल्याकडे काय आहे? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागचा हेतू समजतो. पण सीएनजी किटला मंजुरी देण्याची सोय आपल्या नियमांत आहे. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठी चाचणीची वाट आहे, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे. मग तपासून, मंजूर करून बाकीच्या सुधारणांनाही अशी वाट का असू नये? सगळ्याला सरसकट 'नाही' म्हटलं, की जबाबदारीने काम करणारा घाबरतो आणि बेफिकीर माणूस चोरून करतोच.

राहता राहिली इलेक्ट्रिक गाडी. गाडीवेड्यांचा एक गट तिला शिव्या देण्यात धन्यता मानतो. 2023 च्या अखेरीस डॉजने चार्जर-चॅलेंजरची हेमी बंद केली, इलेक्ट्रिक चार्जर आणली, लोकांनी नाकं मुरडली. पुढे रॅम पिकअपमध्ये हेमी परत आली तेव्हा जल्लोष झाला. मला मात्र 2021 मधली एक लहानशी घटना जास्त मोलाची वाटते. फोर्डने आपल्या इलेक्ट्रिक मस्टँगची 281 हॉर्सपॉवरची मोटर सुटी विकायला काढली. किंमत 3900 डॉलर. खोक्यातून काढा, तुमच्या जुन्या गाडीत बसवा, बॅटरी आणि बाकीचं तुमचं तुम्ही बघा. ती बघता बघता संपली. 1953 मध्ये डुंटोव्हने जे सांगितलं होतं, तेच फोर्डने मोटरच्या बाबतीत केलं. पोरांना सुटे भाग द्या, पुढचं ती बघतील.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद पेटला, तर हॉर्सपॉवरचा आकडा विचारू नका. विचारा, हे इंजिन भंगारात केवढ्याला मिळतं? ते पहिल्यांदा खोलणाऱ्याला काय काय लागेल? बिघडलं तर कंपनीशिवाय दुसरं कुणी दुरुस्त करू शकेल का? आणि हेच प्रश्न तुम्ही उद्या घ्याल त्या स्कूटरला, कारला, अगदी फोनलाही विचारा. शोरूममधला सेल्समन क्षणभर गडबडेल. गडबडू द्या.

आणि एक करा. या रविवारी तुमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये जा. कुणाच्या तरी गाडीचं हाफ इंजिनचं काम निघालेलं असेलच. मेकॅनिककाकांना विचारून बाजूला उभे राहा, चहा सांगा, आणि हेड उचललं की आत वाकून बघा. बघितल्यावर हात काळे करावेसे वाटले, तर ते नाही म्हणणार नाहीत.